छडीने बटणे लागत नाहीत!

पाच वर्षांच्या पोराला शर्टाचे बटण लावता येत नाही, डबा उघडता येत नाही, कवायतीत डावा पाय टाकायचा तिथे त्याचा उजवाच पडतो. गुरुजींचे निदान तयार: आळशी! घरचे त्याहून थोर: लाडावलेले! औषध मात्र दोघांचे एकच, छडी. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने तिच्यावर बंदी घातली असली तरी.

हा आळस नव्हे. योजलेली हालचाल हातापायांकडून नीट करवून घेणेच या मुलांना जड जाते. या अडचणीला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. शाळकरी मुलांत तिचे प्रमाण ५ ते ६ टक्के मानले जाते, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघे. बुद्धी शाबूत असलेले हे पोर रोजच्या हेटाळणीने खेळ सोडते, मग शाळाही त्याला नकोशी होते.

पाचव्या वर्षाआधी पक्के निदान सहसा करत नाहीत, हे खरे. पण म्हणून ‘मोठेपणी सुधारेल’ असे सांगून आईला परत धाडणारे शहाणे धन्य होत! मदतीला शिक्का कशाला हवा? जाड पेन्सिल द्या, पाय जमिनीला टेकतील असे बसवा, कामाचे लहान टप्पे पाडा, वेळ द्या. बटण लावायला शिकवायचे तर खऱ्या बटणावरच रोज सराव घ्या. चार वर्षांच्या बोटांकडून पानेच्या पाने गिरवून घेण्याचा अघोरी हट्ट तर आजच बंद करा.

कागदावर सरकार कमी पडलेले नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्प्रॅक्सियाचे नाव छापलेले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, तिच्या यादीत हालचालींच्या विकासातला विलंबही आहे. पण वजनकाट्यावर पोर चढवले की तपासणी उरकली, असे मानणाऱ्यांना त्याची अडखळणारी बोटे दिसणार कशी? बटण लावण्यासारखी रोजची कामे या मुलांना जमवून देणारा उपचार म्हणजे व्यवसायोपचार, ऑक्युपेशनल थेरपी. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय उघडले. त्याच महाराष्ट्रात आज व्यवसायोपचार तज्ज्ञ कुठे भेटतो, हे खेड्यातल्या आईला सांगणारे कोणी नसावे, ही लाज कोणाची?

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी आरोग्यमंत्र्यांनी जिल्हावार जाहीर करावे: तपासणीत अडचण आढळलेल्या मुलांसाठीच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत व्यवसायोपचार तज्ज्ञांची पदे किती, भरलेली किती, अंगणवाड्यांतून तिथे किती मुले पाठवली आणि त्यांतल्या किती जणांना प्रत्यक्ष उपचार मिळाले.