पत्ते टाकणारे आणि मार खाणारे

पोकरच्या मोठ्या स्पर्धांत खेळाडूंचे प्रकार सांगतात: थापा मारणारा, जपून खेळणारा, सगळं लावून बसणारा. ते बघायला आम्हाला गोव्याच्या कॅसिनोत जायची गरज नाही.

जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला रमीचा व्हिडिओ आला. ते म्हणाले, जाहिरात स्किप करत होतो. पटतं तर घ्या. २० जुलैला लातुरात छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी सुनील तटकरेंपुढे पत्ते टाकले, तर राष्ट्रवादीवाल्यांनी त्यांनाच बदडलं. आणि कोकाटे? कृषी गेलं, क्रीडा मिळालं. क्रीडा!

ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण बापाच्या सोयाबीनची पट्टी रमीत घालवलेल्या पोराला दुसरं खातं कोण देणार? त्याचं एकच खातं, आडत्याच्या वहीतलं.