ओलावा हवेत असावा, पोटाखाली नको

बॉल पायथनची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर जुना पारदर्शक खवला चिकटून राहतो आणि घाबरलेले पालक त्याला दवाखान्यात घेऊन येतात. अशा वेळी जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देण्याचा मोह होतो. पशुवैद्यक मित्रांना आमची कळकळीची विनंती आहे, आधी पेटीचा फोटो मागा. अंगावर माइट नाहीत, जखमा नाहीत, याची खात्री झाली की दोष बहुतेक वेळा पेटीतल्या कोरड्या हवेत सापडतो.

हा साप घाना, टोगो, बेनिनकडचा. तिथे कोरड्या ऋतूतही तो दिवस काढतो तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात, आणि बिळातली हवा दमट असते. पेटीत साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता आणि ओलसर शेवाळ भरलेली लपायची एक डबी दिली, की त्याला हवे तेव्हा ते बीळ मिळते.

पालकांना समजावून सांगायला सगळ्यात अवघड जाते ते तापमानाचे गणित. २५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापली, की पाण्याचा थेंबही कमी न होता तीच आर्द्रता सुमारे ५३ टक्के भरते. म्हणजे थंड कोपऱ्यातला आकडा पाहून निर्धास्त झालेल्या पालकाचा साप दिव्याखाली कोरडा पडत असतो. दोन्ही टोकांना एकेक हायग्रोमीटर हवाच. त्या यंत्राचीही परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घाला, हायग्रोमीटरसह घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. काट्याचे स्वस्त हायग्रोमीटर इथेच उघडे पडतात.

कोरडेपणाचा धसका घेऊन पालक दिवसातून चारदा फवारा मारतात, ते आम्हाला जास्त धोक्याचे वाटते. फवाऱ्याची ओल तासाभरात हवेतून उडून जाते, पण खालचा कागद भिजलेलाच राहतो. मग पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, खवले कुजतात. परदेशी पुस्तकांतला फवाऱ्याचा सल्ला हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरांसाठी असतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलै महिन्यात हवाच ८५ टक्क्यांच्या पुढे असते. तिथे पेटीला वारा हवा. उलट एप्रिलमध्ये नागपूर-पुण्याकडे, किंवा एसीच्या खोलीत कुठेही, जाळीचे झाकण अर्धे झाकावे, नारळाच्या सोडणाचे तुकडे जाड थरात अंथरावेत आणि पाणी कोपऱ्यातून तळाशी सोडावे, म्हणजे वरचा थर कोरडा राहतो.

नोंदणीचेही विचारावे. आपल्याकडचे देशी साप पाळता येत नाहीत, आणि बॉल पायथन वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या साइट्स (CITES) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्याने, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी बंधनकारक आहे. कागद नसले तरी उपचार मात्र थांबवू नयेत.

राहिला डोळ्यावरचा खवला. तो चिमट्याने ओढू नका, खालचा नवा खवला फाटला तर डोळाच जाऊ शकतो. कोमट पाण्याने भिजवलेल्या टॉवेलमधून सापाला अर्धा तास सरकू द्या, पेटी सुधारा आणि पुढच्या कातीची वाट पाहा. तेव्हाही निघाला नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर नियमित काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवा.