ब्लॉकचेनला जास्त पगार की एआयला? आधी खुर्ची कुणाची ते विचारा



मागच्या महिन्यात अनसिंगच्या विहारात रविवारची वंदना आटोपली. माणसं पांगली, पण एक पोरगा मागे थांबला. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, मले एकच सांगा, ब्लॉकचेनले पगार जास्त हाये का एआयले?" मोबाईलवर एक व्हिडिओ होता. एका बाजूला ब्लॉकचेन डेव्हलपर, दुसऱ्या बाजूला एआय इंजिनिअर, मध्ये नोटांचा ढीग आणि खाली एका क्लासचा नंबर. सहा महिन्यांचा कोर्स, फी 70 हजार, "शंभर टक्के नोकरी".

पोराच्या मागे त्याची आई उभी होती. ती हळूच म्हणाली, "ह्याचा बाप दोन एकर वावर गहाण ठेवाचं म्हणते."

हा लेख त्या दोन एकरांसाठी आहे. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला. तो भाव पुरा मिळाला असं धरलं, तरी 70 हजार म्हणजे तेरा क्विंटलांहून जास्त सोयाबीन. आमच्याकडच्या कोरडवाहू जमिनीत हे दोन-अडीच एकरांचं अख्खं पीक झालं. बियाणं, खत, फवारणी, सोंगणी वजा न करता.

प्रश्न टाळायचा नाही, म्हणून उत्तर आधीच देते. आज नोकऱ्या जास्त एआयमध्ये आहेत, आणि सगळ्यात वरचे पगारही तिथेच. ब्लॉकचेनमध्ये पगार मोठे आहेत, पण माणसं मोजकी लागतात आणि पगाराचा भरवसा बाजाराच्या लहरीवर असतो. त्या पोराला एवढं उत्तर देऊन घरी पाठवता आलं असतं. पण मित्रांनो, मुळात हा प्रश्नच आपल्याला चुकीच्या दाराशी नेऊन उभा करतो.

सरासरीचा पाऊस

आधी पगाराचे आकडे तपासू. जून 2025 मध्ये ओपनएआयच्या सॅम ऑल्टमन यांनी सांगितलं की मेटा कंपनी त्यांच्या माणसांना फोडण्यासाठी 10 कोटी डॉलरपर्यंतचा जोडणी-बोनस देऊ करते आहे. ही बातमी आपल्या व्हॉट्सॲप गटांवरही फिरली. आता दुसरा आकडा बघा. ऑगस्ट 2024 मध्ये कॉग्निझंट कंपनीने बीएस्सी, बीसीए झालेल्या नवख्यांना वर्षाला 2 लाख 52 हजारांचं पॅकेज जाहीर केलं, म्हणजे महिन्याला 21 हजार. त्यावर समाजमाध्यमांत बरीच ओरड झाली होती. आपला पोरगा बीसीए आहे. त्याच्या वाटेला 10 कोटी डॉलर नाहीत, हा 21 हजारांचा दरवाजा आहे.

तिसरा आकडा टीसीएसचा. या एकाच कंपनीने अलीकडच्या भरतीत नवख्यांसाठी तीन पायऱ्या ठेवल्या: निंजा 3 लाख 36 हजार, डिजिटल सुमारे 7 लाख आणि प्राईम 9 ते 11 लाख. कंपनी तीच, वर्ष तेच, पगारात तिपटीचं अंतर. हे अंतर तंत्रज्ञानाच्या नावाने पडत नाही. गणित आणि प्रोग्रॅमिंगचा पाया कुणाचा किती पक्का आहे यावर पडतं. आणि पाया कुणाचा पक्का होतो? ज्याच्या घरी आठवीपासून लॅपटॉप आहे त्याचा, की ज्याच्या शाळेतल्या संगणक खोलीला कुलूप असतं त्याचा?

"ब्लॉकचेन डेव्हलपरचा सरासरी पगार" हे शब्द कानावर आले की आपल्या वावरातला पाऊस आठवा. जिल्ह्याची सरासरी भरते, पेपरात शंभर टक्के छापून येतं. पण ऐन फुलोऱ्यात वीस दिवसांचा खंड पडला की सोयाबीन गेलंच. सरासरीने पोट भरत नाही. वरच्या दहा जणांचे कोट्यवधी आणि खालच्या हजारांचे 21 हजार एकत्र करून काढलेला आकडा कुणाच्याच खिशात नसतो.

बाबासाहेबांचा रुपया आणि आजचं नाणं

ब्लॉकचेन म्हणजे काय ते आधी आपल्या भाषेत समजून घेऊ. समजा, तलाठ्याच्या दप्तराची नक्कल गावातल्या प्रत्येक घरी ठेवली. एकाने रात्रीतून खाडाखोड केली, तरी बाकी शंभर वह्या त्याला खोटं पाडतात. कल्पना चांगली आहे. पण या कल्पनेवर आज सर्वात मोठा धंदा उभा आहे तो आभासी नाण्यांचा, आणि या क्षेत्रातले पगार त्या नाण्यांच्या भावाला बांधलेले आहेत. कित्येकदा पगाराचा एक भाग नाण्यांतच दिला जातो.

नोव्हेंबर 2021 मध्ये बिटकॉइन 69 हजार डॉलरच्या आसपास होतं. वर्षभरात ते 17 हजारांच्या खाली आलं. 11 नोव्हेंबर 2022 ला एफटीएक्स ही बलाढ्य कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतीय तरुणांनी उभ्या केलेल्या पॉलिगॉनने फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के, म्हणजे सुमारे शंभर माणसं कमी केली. भारतात 2022 पासून या कमाईवर 30 टक्के कर आहे. आणि या क्षेत्राचा आकार बघा. जगभरात दर महिन्याला सक्रिय असणारे खुल्या प्रणालीतले क्रिप्टो डेव्हलपर 2024 च्या अखेरीस 23-24 हजारांच्या घरात होते. एकट्या भारतातल्या आयटी क्षेत्रात 50 लाखांहून जास्त माणसं काम करतात. एवढ्या छोट्या बोळात शिरायला आपण शेत गहाण ठेवायचं?

1923 मध्ये बाबासाहेबांचा 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. चलनाचं मोल घसरलं की भाव आधी वाढतात, मजुरी मागून रखडत येते आणि मधल्या मध्ये कष्टकरी लुटला जातो, हे त्यांनी त्यात आकडेवारीने मांडलं. त्यांचा आग्रह होता तो स्थिर मोलाचा. शंभर वर्षांपूर्वीची ही कसोटी आज पगाराला लावा. किती मिळेल, हे नंतर विचारा. मिळालेलं हातात टिकेल का, हे आधी विचारा. गेनबिटकॉइनवाल्यांनी महिन्याला 10 टक्के परताव्याचं गाजर दाखवून हजारो लोकांना बुडवलं. त्याच्या सूत्रधाराला 2018 मध्ये पुणे पोलिसांनी पकडलं. आकडा मोठा दिसला की कसोटी विसरायची, ही सवय लुटणाऱ्यांच्या फार कामी येते.

एआयची उतरंड

मग एआय बरं का? एआयच्या इमारतीलाही मजले आहेत. वरच्या मजल्यावर कोट्यवधींचा शास्त्रज्ञ. खालच्या मजल्यावर चित्रांना नावं देणारी, आवाज ऐकून लिहून काढणारी, घाणेरडा मजकूर वाचून वेगळा करणारी माणसं. ती नसतील तर यंत्राला काहीच शिकवता येत नाही. चॅटजीपीटीसाठी असा मजकूर वाचणाऱ्या केनियातल्या कामगारांना तासाला 2 डॉलरहून कमी मिळत होते, हे टाइम नियतकालिकाने जानेवारी 2023 मध्ये उघड केलं. बंगळूरची 'कार्या' ही संस्था ग्रामीण लोकांना अशाच कामाचे तासाला सुमारे 5 डॉलर देते. म्हणजे खालच्या माणसाला जास्त देता येतं. न देणं हा निर्णय असतो.

घाण साफ करण्याचं काम कुणाच्या वाट्याला येतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी 1936 मध्ये मांडलं. पगाराची तुलना करणारे व्हिडिओ ही विभागणी दाखवतच नाहीत. दोन इमारतींच्या गच्च्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि विचारायचं, कुठली उंच? जिना कुठे आहे आणि त्यावर पहारा कुणाचा, हे विचारायचंच नाही.

त्यात जुलै 2025 मध्ये टीसीएसने 12 हजारांहून जास्त माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. ज्या कामावर आपली पहिली पिढी आयटीत शिरली, ते साधं कोडिंग आणि टेस्टिंग आता यंत्राकडे जातंय. शिडीची खालची पायरी मोडतेय. वरच्या पायरीवर जन्मलेल्याला तिची गरज नव्हती, आपल्याला होती.

यंत्राला जात नसते म्हणे

आपल्यातलेच काही भाऊ आता सांगू लागलेत की तंत्रज्ञानाला जात कळत नाही, कोड चालला की पगार मिळतो, आरक्षणाचं रडगाणं पुरे. त्यांच्यासाठी आपल्याच विदर्भातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा 2007 चा अभ्यास आहे. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी चार हजारांहून जास्त अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त आडनावं वेगळी. दलित आडनावाला मुलाखतीचं बोलावणं स्पष्टपणे कमी आलं. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं की गुणवत्तेच्या गप्पा मारणारे हेच लोक उमेदवाराची "घरची पार्श्वभूमी" हमखास विचारतात. वडील काय करतात, या एका प्रश्नात सगळं येतं.

सातासमुद्रापार गेल्यावर तरी सुटका होते का? 2020 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी जातिभेद केल्याचा दावा दाखल केला. पुढे दोन व्यवस्थापकांवरचा दावा मागे घेण्यात आला, कंपनीवरचा चालू राहिला. 2023 मध्ये सिएटल शहराला जातिभेदबंदीचा कायदा करावा लागला. जिथे जात नाही तिथे असा कायदा कशाला लागला असता?

आणि यंत्र? ते जुनं लिखाण वाचून शिकतं. आपल्याकडे जुनं लिखाण कुणाच्या हातचं आहे? ऑक्टोबर 2025 मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने तपासणी छापली. रिकाम्या जागा भरायला दिल्या तेव्हा चॅटजीपीटीने बहुतांश वाक्यांत "हुशार" समोर ब्राह्मण आणि "गटार साफ करणारा" समोर दलित भरलं. एका दलित संशोधकाने अर्जाची भाषा नीट करायला दिली, तर यंत्राने त्याचं आडनाव बदलून "शर्मा" केलं.

आता ब्लॉकचेनकडे या. 2022 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागाने सुमारे 65 हजार जातप्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं. मी याच्या विरोधात नाही. खोटं प्रमाणपत्र काढून आपल्या जागा लाटणारे या राज्यात कमी नाहीत, आणि जात पडताळणीच्या रांगेत कुणाकुणाची वर्षं गेली ते आपण जाणतो. पण आपली जात कधीही खोडता येणार नाही अशा वहीत लिहिली जात असताना, ती वही बनवणाऱ्या खुर्चीवर आपल्यातलं कोण होतं? नोंद आपली आणि लेखणी दुसऱ्याची, हे किती पिढ्या चालवायचं?

म्हणून या दोन क्षेत्रांत मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो खुर्चीचा प्रश्न. राज्यघटनेचं कलम 16(4) सरकारी पदांपुरतं आहे. ब्लॉकचेन आणि एआयच्या जवळपास सगळ्या खुर्च्या खाजगी आहेत. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी आपण जयंतीच्या भाषणात करतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. आपले दुसरे काही भाऊ तर म्हणतात, हे सगळं भांडवलदारांचं मायाजाल, पोरांनी गुमान एमपीएससी करावी. त्यांनाही माझा विरोध आहे. सरकारी जागा आटत असताना पोरांना एकाच रांगेत उभं करणं म्हणजे नवी दारं दुसऱ्यांसाठी मोकळी सोडणं.

मग करायचं काय?

एक, क्लासच्या फीसाठी जमीन, दागिना किंवा बचत गटाचं कर्ज काढायचं नाही. पायथन, सांख्यिकी, मशिन लर्निंग, अगदी ब्लॉकचेनसुद्धा स्वयम् आणि एनपीटीईएलवर फुकट शिकता येतं. फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेची.

दोन, जे आपलं आहे ते वसूल करा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईत वर्षाला 60 हजारांपर्यंत. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या 75 जागा आहेत. पैसे उशिरा येत असतील तर समाजकल्याण कार्यालयावर जा, एकटे नको, दहा जण मिळून.

तीन, नावामागे धावू नका, पाया पकडा. गणित, एक प्रोग्रॅमिंग भाषा, कामापुरतं इंग्रजी. 2021 मध्ये हेच क्लासवाले ब्लॉकचेन विकत होते, आता एआय विकतात, उद्या तिसरंच काही विकतील. पाया असलेला तिन्हीकडे जाऊ शकतो.

चार, जे आधी पोचलेत त्यांना हाक मारा. पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत आपली पोरं-पोरी आहेत. सवर्णांच्या नोकऱ्या ओळखीने लागतात, त्याला ते "रेफरल" म्हणतात. आपणही एकमेकांची नावं पुढे करायला शिकू. गावाकडच्या एका पोराचा बायोडेटा दर महिन्याला तपासणं हेही समाजाचं ऋण फेडणंच आहे.

त्या घरी मी दोनदा गेले. पोराच्या बापाशी बोलणं सोपं नव्हतं. त्याला वाटत होतं, ही बाई आपल्या पोराचं नशीब अडवतेय. शेवटी तेरा क्विंटलांचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा तो गप्प झाला. वावर गहाण पडलं नाही. आता विहारात संध्याकाळी सात ते नऊ जुन्या दोन लॅपटॉपवर सहा जण बसतात, त्यात दोन मुली आहेत. वीज गेली की बाहेर ओट्यावर वहीत गणितं सोडवतात. त्यांना शनिवारी तासभर ऑनलाईन शिकवेल असा माणूस मी शोधते आहे. हे वाचणाऱ्यांत कुणी असेल तर कळवा.

जय भीम, जय संविधान.

अनसिंग, जि. वाशीम