भट्टीपेक्षा झाकण मोठे

दिवाळीला घरात एखादे तरी नवे यंत्र यावे, हा मध्यमवर्गीय संसाराचा जुना रिवाज. एके काळी शिवणयंत्र आले, मग रेडिओ, मग मिक्सर. यंदा आमच्या यवतमाळातल्या दोन-चार घरांत ओव्हनचा विषय निघाला आहे. बेकरीच्या मऊ पावाला कंटाळलेल्या मंडळींना जाड, कुरकुरीत सालीचा पाव घरीच भाजायचा आहे. आणि त्याला म्हणे वाफ लागते! वाफेची सोय असलेल्या ओव्हनची किंमत लाखाच्या घरात ऐकली की गृहस्थ वर्तमानपत्रात डोके खुपसतात आणि गृहिणीची हौस मनातच राहते. पण ती तशी राहायचे काही कारण नाही.

वाफेचे काम काय, ते आधी पाहू. पिठाचा गोळा तापल्या ओव्हनमध्ये गेला की पहिली दहा-पंधरा मिनिटे तो फुगत असतो. तेवढ्यात वरची साल वाळून कडक झाली, तर बिचाऱ्याने फुगावे कसे? तो भलतीकडे फाटतो, नाही तर बसका राहतो. वाफ थंड पिठावर बसते, तिचे पाणी होते आणि साल लवचीक राहते. त्याच ओलाव्यात वरचा स्टार्च शिजतो. पुढे सालीला चकाकी येते ती त्याचीच. मात्र उत्तरार्धात वाफ निघून गेली पाहिजे, नाही तर साल चिवट होते. थोडक्यात, वाफ आधी कोंडायची, मग सोडायची.

व्हिएन्नाच्या पद्धतीची वाफेची भट्टी ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८४० च्या आगेमागे पॅरिसला नेली. पण वाचकहो, वाफ कोंडण्याची युक्ती आपल्या वऱ्हाडाला परकी नाही. शेतावर पानगे भाजताना कणकेची जाड चकती पळसाच्या पानांत ठेवून गोवऱ्यांच्या विस्तवात घालतात. हिरवे पान ओल धरून ठेवते. ते करपेपर्यंत आतली कणीक शिजलेली असते. पळसाचे पान म्हणजे झाकणच की!

आता दुकानात जाऊ. गॅसच्या ओव्हनला जळालेला वायू बाहेर सोडण्यासाठी वाट ठेवावीच लागते; त्याच वाटेने वाफही पळते. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमधला पंखा साल लवकर वाळवतो, आणि अनेकांचा काटा २००-२२० अंशांपुढे जात नाही. आपल्या कामाचा तो साधा विजेचा ओटीजी: २५० अंशांपर्यंत तापणारा, वरची-खालची कॉइल एकदम चालणारा आणि पंखा असलाच तर तो बंद करता येणारा.

आणि वाफ? ती बिडाच्या झाकणाच्या भांड्यात. भांडे ओव्हनमध्ये अर्धा तास २३० अंशांवर तापवावे, गोळा आत सोडून झाकण घालावे. पिठातल्याच पाण्याची वाफ कोंडते. वीस मिनिटांनी झाकण काढावे आणि साल तांबूस होईतो आणखी वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. तापल्या ओव्हनमध्ये पाणी शिंपडण्याचा उद्योग मात्र करू नये. दाराची काच तडकते.

म्हणून खरेदीला निघताना पाकिटाआधी टेप खिशात घाला. झाकणासकट भांड्याची उंची, आणि कानांसकट रुंदी मोजा. ते ओव्हनमध्ये बसून भोवती चार बोटे जागा उरली पाहिजे. लिटरचे आकडे मागाहून. दुसरे, १६०० वॉटच्या ओव्हनला लहान प्लग चालत नाही. १६ अँपिअरचा लागतो. सव्वा तासाच्या भाजणीला फार तर दोन युनिट जळतील. इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. वीज जाण्याची वेळ टाळूनच पीठ मळा. तिसरे, आत ठेवायचा एक स्वस्त थर्मामीटर घ्या, कारण बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांचे नेहमीच पटते असे नाही.

एवढे केले तर लाखाचा प्रश्न काही हजारांत मिटतो. आणि घरात पानगे भाजलेली एखादी आजी असेल, तर पहिल्या पावाच्या वेळी तिला ओव्हनजवळ खुर्ची द्या. झाकण केव्हा काढायचे, ते तिला घड्याळाआधी वासावरूनच कळेल.