माफी मागणारा कुठे आहे?

मागच्या महिन्यात तालुक्यातल्या एका गावी बैठकीला गेलो होतो. भीमजयंतीच्या मिरवणुकीवरून वस्तीतल्या एका बावीस वर्षांच्या पोराला चौघांनी मारले. हात मोडला, जातीवरून शिव्या दिल्या. ॲट्रॉसिटी दाखल आहे, दोषारोपपत्र कोर्टात गेले आहे. बैठक अर्थातच मिटवामिटवीची. जागा देवळाचा सभामंडप. त्या सभामंडपात आमच्या माणसांसाठी सतरंजी अंथरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. चहाही सगळ्यांना एकाच किटलीतला आणि एकसारख्या कपांतून. केस किती पक्की आहे हे तेवढ्यावरूनच कळले.

सरपंच होते, पोलीस पाटील होते, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. पण खरी तयारी वेगळीच होती. शेजारच्या गावाहून एक प्रवचनकार महाराज बोलावले होते. ते अर्धा तास बोलले. राग म्हणजे हातात धरलेला निखारा, क्षमा करणारा मोठा असतो, मी-पणा गेला की माणूस सुखी होतो, मनात गाठ ठेवली की आजार होतात. आवाज गोड, भाषा स्वच्छ. आणि हे सगळे बोलताना त्यांची नजर पूर्ण वेळ त्या पोराच्या आईकडे. ज्यांनी हात मोडला त्यांच्या बापांकडे एकदाही नाही.

मग त्यातल्या एकाचे वडील उठले आणि म्हणाले, "पोरं हायेत. चुकलं आसंल तर माफ करा."

मित्रांनो, या वाक्यावर थोडे थांबा. "चुकलं असेल तर." कोणाचे चुकले? माहीत नाही. काय चुकले? सांगितले नाही. चुकले की नाही? तेही पक्के नाही. ज्या वाक्यात गुन्हा नाही, गुन्हेगार नाही आणि कबुलीही नाही, त्या वाक्याला आपल्याकडे माफी मागणे म्हणतात. आणि त्याला लगेच "माफ केलं" असे उत्तर मिळाले नाही की आपण अहंकारी ठरतो.

हा विषय एका गावापुरता असता तर मी लिहायला बसलो नसतो. हीच भाषा आता आपल्या पोरांच्या मोबाईलमध्ये शिरली आहे. रोज सकाळी कुणीतरी गुरू सांगतो की भूतकाळ सोडून द्या, तुम्हाला दुखावणाऱ्याला मनातून मोकळे करा, तुमचे दुःख तुमच्या अहंकारातून येते. चळवळीतली शिकलेली मुले ते पुढे पाठवतात. एका कार्यकर्त्याने मला अगदी प्रामाणिकपणे विचारले, "दादा, आपण सारखे अन्यायाचेच बोलतो, त्याने आपलेच मन कडू होत नाही का? बुद्धानेही मैत्रीच सांगितली ना?" त्याची चेष्टा करून भागणार नाही. त्याला उत्तर द्यायला हवे.

मी स्वतः विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले आहे. शेवटी मैत्रीची भावना करायला शिकवतात, सगळ्यांना क्षमा, सगळ्यांकडून क्षमा. मला त्याचा फायदा झाला. बऱ्याच वर्षांनी झोप नीट लागली. मनातला द्वेष कमी करणे चांगलेच आहे, द्वेषाने आपलीच तब्येत जाते. पण द्वेष सोडणे वेगळे आणि दावा सोडणे वेगळे. द्वेष माझ्या मनातला आहे, तो मी घरी बसून सोडीन. दावा कोर्टातला आहे. तो एकट्या माझा नाही, तो उद्या त्याच रस्त्याने मिरवणूक काढणाऱ्या पोरांचाही आहे. महाराज लोक बोलतात द्वेष सोडण्याबद्दल, आणि बैठक संपता संपता कागदावर सही मागतात दावा सोडण्याची.

आणि ती सही म्हणजे नेमके काय, हे गावातल्या लोकांना कोणी सांगत नाही. 1989 च्या कायद्याखालचा गुन्हा दोन बाजूंनी बसून मिटवता येत नाही. फिर्यादीने "मी माफ केले" म्हटले म्हणून खटला संपत नाही. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात तडजोडीवरून अशी केस रद्द केली खरी, पण ती स्वतःचे खास अधिकार वापरून आणि कोर्टांनी अशा बाबतीत सावध राहावे असे बजावून. तालुक्याच्या गावात तडजोडीचा एकच मार्ग असतो. फिर्यादी आणि साक्षीदारांनी कोर्टात उभे राहून सांगायचे की मी पडलो होतो, मला कोणी मारले नाही, पोलिसांनी काय लिहून घेतले मला माहीत नाही. म्हणजे क्षमा केली असे म्हणायचे आणि शपथेवर खोटे बोलायचे. मग आरोपी निर्दोष सुटतात. आणि ज्यांनी सभामंडपात हात जोडले होते तेच पुढच्या वर्षी पारावर बसून सांगतात, "बघा, ॲट्रॉसिटीच्या केसा खोट्याच असतात."

म्हणजे आपली क्षमा पुढे आपल्याच विरुद्ध पुरावा बनते. 20 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने अटकेआधी चौकशी आणि परवानगीची अट घातली, तेव्हा या कायद्याच्या गैरवापराची आणि खोट्या केसेसचीच चर्चा होती. 2 एप्रिलला देशभर आपले लोक रस्त्यावर उतरले, संसदेला कायद्यात 18अ कलम घालावे लागले, 2019 मध्ये न्यायालयानेही ते निर्देश मागे घेतले. पण सुटलेल्या केसेसपैकी किती साक्षीदार सभामंडपातून फितूर होऊन आले होते, हे कोणत्या आकड्यात दिसते?

आता अपराधीपणाकडे येऊ. आपल्याला सांगतात की या मातीत प्रायश्चित्ताची थोर परंपरा आहे. आहे ना! मनुस्मृतीचा अकरावा अध्याय काढून वाचा. ब्राह्मणाच्या हत्येचे जे प्रायश्चित्त, त्याचा सोळावा हिस्सा शूद्राच्या हत्येला. मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा मारला तर शूद्रहत्येचेच व्रत करायचे. आणि शूद्राला मारल्यावर पर्याय म्हणून दहा गायी आणि एक बैल द्यायचा, तो कुणाला? मेलेल्याच्या बायकोपोरांना नाही, ब्राह्मणाला. या प्रायश्चित्तात मेलेला माणूस कुठेच नाही. मारणारा, त्याचे पाप आणि ते धुऊन देणारा, एवढेच तिघे आहेत. सभामंडपातली रचना तीच होती, फक्त गायींच्या जागी चहा होता.

म्हणून सवर्णांच्या अपराधीपणाने मी फारसा हुरळत नाही. गांधीजींचेच घ्या. पुणे करार झाल्यावर 1932 मध्ये हरिजन सेवक संघ निघाला. त्याच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, असा प्रश्न आला. उत्तर असे की अस्पृश्यता हे हिंदूंचे पाप, सेवा हे त्यांचे प्रायश्चित्त, तेव्हा संघ हिंदूंनीच चालवायचा. बाबासाहेबांनी 1945 च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात या युक्तिवादाचे सालपट काढले आहे, मुळातून वाचावे. पाप त्यांचे, पश्चात्ताप त्यांचा, पैसा त्यांचा, निर्णय त्यांचा. आपण कोण, तर त्यांच्या शुद्धीचे साधन. 1934 मध्ये बिहारला भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. मला आणखी एक विचारायचे आहे. त्या भूकंपात अस्पृश्य मेले नसतील का? त्यांनी कुठले पाप केले होते?

आज हे सोशल मीडियावर चालते. एखादा पुरोगामी मित्र लिहितो, "मला माझ्या जातीची लाज वाटते." खाली पाचशे लाईक. मग इनबॉक्समध्ये येऊन विचारतो, "तू मला वेगळा समजतोस ना?" आता त्याचे सांत्वन मी करायचे! त्याचे मन हलके करण्याची नोकरीसुद्धा माझीच. भाऊ, लाज वाटते तर घरी भाड्याने खोली देताना आडनाव विचारणे बंद कर, आईला सांग की कामवालीचा कप वेगळा ठेवू नको. महाडला बाबासाहेबांच्या बरोबर गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते. जन्माने ब्राह्मण. 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडायला ते उभे राहिले. त्यांना माफीची पावती मागत फिरावे लागले नाही.

आता "बुद्धानेही मैत्रीच सांगितली ना" याचे उत्तर. होय, सांगितली. पण बुद्धाची क्षमा कशी चालते ते बघा. अंगुलिमालाची गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. त्याने आधी तलवार फेकली, मग त्याला संघात घेतले. राजा प्रसेनजिताने त्याला पकडले नाही हे खरे, पण गोष्ट तिथे संपत नाही. श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांची ढेकळे, काठ्या, दगड त्याला लागले. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. बुद्धाने त्याला "लोक अज्ञानी आहेत, त्यांनी तुला माफ करायला हवे होते" असे म्हटले नाही. सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, असे सांगितले. सहन करण्याचा उपदेश मारणाऱ्याला आहे. ज्यांची माणसे मेली त्यांना श्रावस्तीत कोणी प्रवचन दिले नाही.

विनयपिटकात पटिसारणीय नावाची कारवाई आहे. सुधम्म नावाच्या भिक्खूने चित्त गृहपतीचा अपमान केला. बुद्धाने काय केले? भिक्खूला त्या गृहस्थाकडे परत पाठवले, जा आणि क्षमा माग. सोबतीला संघाने एक भिक्खू दिला, म्हणजे साक्षीदार. अपमान करणारा साधू, अपमान झालेला संसारी माणूस, आणि दारात जायचे साधूने. आमच्या गावात उलटे झाले. हात मोडलेल्या पोराच्या आईला बोलावणे आले आणि साधू आले ते तिलाच समजवायला. सुत्तांमध्ये हेही आहे की जो आपला अपराध अपराध म्हणून पाहत नाही तो मूर्ख, आणि समोरचा रीतसर कबूल करत असता जो स्वीकारत नाही तोही मूर्ख. दुसरे अर्धे आपल्याला लागू आहे, ते मी नाकारत नाही. पण पहिले अर्धे आधी येते.

राहिला अहंकार. अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने बुद्धाला लांबूनच "वसल, तिथेच थांब" म्हणून हटकले. बुद्ध मान खाली घालून निघून गेला नाही. वसल कशाला म्हणतात ते तुला माहीत आहे का, असे विचारून त्याने त्याला बसवून शिकवले. जन्माने कोणी वसल होत नाही, जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, हे सुत्तनिपातातले वसलसुत्त. बुद्धाने मोडलेला अहंकार हा आहे, जन्माचा. आपल्या समाजात एकच शब्द माणूस बघून बदलतो. आमच्या पोराने गॉगल घातला, मिशीला पीळ दिला की "माज आला". त्यांच्या पोराने तेच केले की "रुबाब आहे". जे एकेकाळी गळ्यातल्या गाडग्यासोबत चालत होते, त्यांच्या वारसाने मान वर केली की त्याला मी-पणा म्हणायचे? आमचा मी अजून नीट उभा राहिलेला नाही, तो सोडायचा कुठून?

आणि बाबासाहेबांनी काय केले ते विसरू नका. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सभेच्या मांडवात जेवत असलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. बदला घ्यायला आपली माणसे तयार होती, त्यात पलटणीतून आलेलेही होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पण लोकांना आवरून ते घरी बसले नाहीत. हल्लेखोरांवर फौजदारी झाली, डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, आणि तळ्याचा दिवाणी दावा 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत लढवला. दहा वर्षे. द्वेष नाही, आणि दावाही सोडलेला नाही.

एक गोष्ट कडू लागेल पण लिहितो. "अहंकार सोडा" हे प्रवचन मला एका ठिकाणी हवे आहे, आपल्या नेत्यांच्या दारात. रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले ते मोजायला आता दोन हातांची बोटे पुरत नाहीत. आणि आपल्या घरांत, आपल्या संघटनांत ज्या बायकांना आपण बोलू दिले नाही, त्यांच्यासमोर "चुकलं असेल तर" हे वाक्य आपणही वापरले आहे. मी वापरले आहे. बायकोने त्याच वेळी विचारले होते, "असेल तर म्हणजे?"

तेच त्या आईने विचारले. महाराजांचे बोलणे संपले, सगळे तिच्याकडे बघू लागले. ती पदर सावरून म्हणाली, "माफ करायला माझी ना न्हाई. पर माफी मागणारा कुठंय? त्यो तर आलाच न्हाई." सरपंच म्हणाले, "आक्का, त्याचे वडील आलेत ना." ती म्हणाली, "हात त्याच्या बापानं मोडला का?"

त्यावर तंटामुक्तीच्या अध्यक्षांनी गावाच्या नावाचा, पूर्वी मिळालेल्या बक्षिसाचा विषय काढला. पण बैठक तिथेच मोडली होती. बाहेर पडताना पोलीस पाटलाने मला बाजूला घेऊन सांगितले की तुम्ही बाहेरची माणसे येऊन वातावरण बिघडवता.

पुढच्या महिन्यात साक्षी सुरू होतील. दोन साक्षीदार त्याच लोकांच्या शेतावर मजुरीला जातात, त्यांना सध्या काम बंद झाले आहे. 2016 पासून लागू असलेल्या 15अ कलमाखाली त्यांच्या संरक्षणासाठी अर्ज करायचा आहे, वकील मिळाले आहेत. त्या दोन घरांना निदान तीन महिने धान्य पुरवायचे आहे आणि प्रत्येक तारखेला दहा-पंधरा जण कोर्टाच्या आवारात हजर हवेत. घोषणा नकोत, झेंडे नकोत, फक्त बसायचे. ज्यांना जमेल त्यांनी जिल्ह्याच्या कार्यकर्त्यांशी बोलावे.

जय भीम.