हौसेला मोल नाही म्हणता, मग भाव का विचारता?

खूप दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी ऑफिसात कामाचा रगाडा होता. शिवाय लिहायला बसलं की नुसती चिडचिडच बाहेर पडायची, म्हणून टाळत होतो. आज टाळत नाही, चिडूनच लिहितो. घरातल्यांपैकी जे इथे गुपचूप येऊन वाचतात (आणि मग आईला फोन करून चुगली करतात) त्यांनी आधी पाणी पिऊन घ्यावं.

तर झालं असं. माझी भाची यंदा दहावी झाली. मार्क चांगले पडले. त्यात चित्रकलेचे ७ वाढीव गुण होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आपल्याकडे शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट अशा चित्रकलेच्या दोन ग्रेड परीक्षा असतात. इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७ गुण जास्तीचे, बी ला ५, सी ला ३. पोरीला ए ग्रेड होती. पेढे वाटले गेले. आणि पेढ्याचा बॉक्स रिकामा व्हायच्या आत दाजी म्हणाले, "सात मार्क भेटले ना? झालं मग. आता ते रंगबिंग बांधून ठेवा. अकरावीला नांदेडला जायचंय, नीटची तयारी आहे."

रंग बांधले गेले. जुन्या ओढणीत गुंडाळून रंगपेटी, ब्रश, कार्ट्रिज पेपरची गुंडाळी, सगळं माळ्यावर. आणि इथे मला कबूल करायला पाहिजे की शिडीवर मीच चढलो होतो. ताई खालून गाठोडं देत होती, मी वर सरकवत होतो. भाची दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. मी उतरल्यावर एवढंच म्हणाली, "मामा, ब्रश उभे ठेवले का आडवे? उभे ठेवले की केस वाकतात." बस्स.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आपल्याकडे एक म्हण मोठ्या कौतुकाने वापरतात, हौसेला मोल नाही. लग्नात चारशे पानं उठवली की हौसेला मोल नाही. गाडीला पंधरा हजाराचा टेप बसवला की हौसेला मोल नाही. पण कोणी चित्र काढायला बसलं की पहिला प्रश्न काय? "याचा उपयोग काय?" आणि दुसरा, "याचे किती येतील?" म्हणजे जिथे मोल खरंच नसतं तिथे बरोबर भाव विचारायचा, आणि जिथे धडधडीत पैसा जळतोय तिथे म्हण फेकायची!

मी स्वतः गेली वीस वर्षं चित्रं काढतो. चांगली येतात असं नाही. माणसांचे हात मला आजही जमत नाहीत, सगळ्यांचे हात खिशात किंवा पदराखाली असतात. कचेरीत कारकुनी करतो, रविवारी कागद घेऊन बसतो. आणि वीस वर्षांत मला दोनच जातीची माणसं भेटली. एक जात म्हणते, रिकामे धंदे आहेत, सोडून द्या. दुसरी जात म्हणते, अहो एवढं छान काढता, विका ना! ऑनलाइन टाका! दिवाळीत पणत्या रंगवून विका! पहिल्या जातीचा मला राग येत नाही, ते बिचारे सरळ असतात. दुसरी जास्त घातक. ते कौतुकाच्या तोंडाने तोच भाव विचारतात.

आता कोणी म्हणेल, तुम्ही पैशासाठी चित्रं काढणाऱ्यांना नावं ठेवताय. मुळीच नाही. मला रंगाची गोडी लावली ती एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनेच. मी शाळेत असताना तो दुकानाच्या शटरवर अक्षरं काढायचा, आणि मी दप्तर पाठीला लावून तासभर उभा राहायचो. खडूने दोरी मारायची, आधी अक्षराचं पोट भरायचं, मग एका दमात कड ओढायची. घरी दिवाळी अंक यायचे, त्यावरची दलालांची आणि मुळगावकरांची मुखपृष्ठं मी कापून वहीत लावायचो. ती सगळी पोटासाठी काम करणारीच माणसं होती. औंढ्याच्या नागनाथाच्या भिंती ज्यांनी कोरल्या तेही पोटासाठीच दगड फोडत असणार. पोटासाठी कला करणं यात कमीपणा तर नाहीच, उलट ते फार अवघड.

पण त्या पेंटरचं पुढे काय झालं ते बघा. फ्लेक्स आला. फ्लेक्स स्वस्त, फ्लेक्स झटपट, फ्लेक्सवर साहेबांचा फोटोपण येतो. भावाच्या हिशोबात फ्लेक्स जिंकला आणि त्या हिशोबाने तो जिंकणारच. आता तर मोबाईलला नुसतं सांगितलं की कायाधू नदीकाठची संध्याकाळ काढ, तो अर्ध्या मिनिटात काढून देतो, आणि माझ्यापेक्षा बरे हात काढतो. (बोटं कधी कधी सहा काढायचा, आता तेही सुधारलंय म्हणतात.) म्हणजे चित्र ही फक्त एक वस्तू असेल, भिंतीवर लावायची, विकायची, मार्क मिळवायची, तर माझी, भाचीची, कोणाचीच गरज उरलेली नाही. दुकान बंद.

मग मी रविवारी का बसतो?

याचं उत्तर मला औंढ्यात मिळालं, आणि ते माझं नाही, भाचीचं आहे. गेल्या वर्षी परीक्षेच्या आधी तिला सरावाला म्हणून औंढ्याला नेत होतो. मंदिराचा खालचा भाग जुन्या काळ्या दगडाचा आणि वरचं शिखर नंतरचं, पांढरं, हे आपण सगळे लहानपणापासून बघतो. म्हणजे बघत नाही, रांगेत उभे राहतो. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं म्हणून नंदी मागच्या बाजूला राहिला, ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतो, आणि नारळ घेऊन परत येतो. मी मोजले नाहीत पण शंभर वेळा तरी गेलो असेन.

आम्ही दोघं बाहेरच्या भिंतीपाशी एका स्त्रीच्या मूर्तीसमोर बसलो. चेहरा झिजलेला, एक हात तुटलेला. मी आपला दागिने काढत होतो, कारण दागिने सोपे. भाचीने दोन वेळा खोडलं, तिसऱ्यांदा खोडलं, आणि म्हणाली, "मामा, ही नाचत नाहीये. हिचा सगळा भार एकाच पायावर आहे. ही उभी राहून थकलीय. आई स्वयंपाकघरात उभी राहते ना, तशी."

मी बघितलं. खरंच तशी होती. दगडातली बाई आणि ओट्यापाशी उभी असलेली माझी ताई, कमरेचा बाक तोच. मी शंभर वेळा ते देऊळ पाहिलं होतं आणि पन्नास वर्षं माझ्या बहिणीला पाहिलं होतं. दोन्हीपैकी काहीही मला दिसलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या पोरीला दिसलं, कारण ती तास-दीड तास पेन्सिल घेऊन बसली होती.

दाजी, याला किती मार्क द्यायचे? सात?

आता तुमची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल मामा भाचीला फितवतोय. नीट अवघड आहे. नांदेडचा क्लास, होस्टेल, मेस, सगळं मिळून तुमचं कंबरडं मोडतंय हे मला माहीत आहे, आकडे आपण एकत्र बसूनच मांडले होते. पोरगी डॉक्टर झाली तर मलाही आनंद आहे. आपल्या जिल्ह्यात शिकायची सोय कमी, १९९९ साली परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा, मोठं काही करायचं तर पोराला नांदेड, लातूर, संभाजीनगर गाठावंच लागतं. हे सगळं मान्य. मी तिला आर्ट स्कूलला घाला म्हणत नाहीये. नीट सोडा म्हणत नाहीये. मी फक्त आठवड्यातला एक तास मागतोय. आणि तुम्ही तो एक तास देत नाही, कारण त्या तासाचं "पुढे" काही होणार नाही. भांडण वेळेचं नाहीच. मोबाईलवर एक तास जातो तेव्हा आपण एवढे अस्वस्थ होत नाही.

परवा एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, हौस ही पैसेवाल्यांची. त्यांनी औंधच्या राजाचं उदाहरण दिलं. (औंध साताऱ्याकडचं, आपलं औंढा नव्हे. लोक नेहमी घोळ करतात.) भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, त्यांनी चित्ररामायण केलं, १९३८ साली औंधला स्वतःचा संग्रह लोकांसाठी खुला केला. राजाला कोण विचारणार भाव काय म्हणून, असं त्या गृहस्थांचं म्हणणं.

मी म्हटलं, साहेब, राजा कशाला, आपल्या नर्सीला जाऊन या. हिंगोलीच्या जवळच आहे. नामदेव शिंप्याच्या घरातले. पंजाबापर्यंत गेले, गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. जनाबाई आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या, नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत होत्या. गोरोबा मडकी घडवत होते, सावतोबा मळा पिकवत होते. यांतल्या कोणी अभंगाचा भाव ठरवला होता का हो? हातात काम होतं आणि तोंडात अभंग होता. भक्ती वेगळी आणि माझी रविवारची चित्रं वेगळी, एवढी अक्कल मला आहे. पण काम एकीकडे आणि जीव लावून केलेली दुसरी गोष्ट दुसरीकडे, आणि ही दुसरी गोष्ट कोणाला विकायची नाही, ही रीत राजाकडून आलेली नाही. ती आपल्याच मातीतली आहे. आपण विसरलो.

बाहेरचंच उदाहरण पाहिजे असेल तर पॅरिसचा रूसो घ्या. जकात नाक्यावर वसुली करणारा माणूस, म्हणजे माझाच जातभाई. लोक त्याच्या चित्रांना हसायचे. त्याने जंगलं रंगवली आणि आयुष्यात फ्रान्सबाहेर पाऊल टाकलं नाही, शहरातल्या बागेतली झाडं बघून वाघ-सिंहांची जंगलं केली. १९१० साली गेला. आता त्याची चित्रं न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहेत.

हे वाचून दाजी म्हणतील, बघा, शेवटी किंमत आलीच ना! नाही हो, इथेच तर घोळ आहे. उद्या त्याची चित्रं कोणी टांगली नसती, तरी त्या बागेत बसून त्याने प्रत्येक पान वेगळं पाहिलं, ते कोणी काढून घेणार होतं का?

माझंच बघा. गेल्या वर्षीचा माझा मोठा प्रकल्प वसमतची हळद. वसमतच्या हळदीला २०२४ साली जीआय मिळालं, सगळीकडे बातम्या आल्या, आणि माझ्या डोक्यात आलं की आपल्या जिल्ह्याचा रंग आपल्या जिल्ह्याच्याच हळदीने काढायचा. ओळखीच्या शेतावर गेलो. हळद शिजवून अंगणात वाळत घातली होती. हळद, थोडा डिंक, पाणी. काय पिवळा आला म्हणून सांगू! दुकानातल्या कुठल्याच ट्यूबमध्ये तो पिवळा नाही. चुन्याचं पाणी लावलं की तोच रंग कुंकवासारखा लाल होतो, भाची टाळ्या वाजवायला लागली. सहा चित्रं केली, हौसेने खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली.

पावसाळ्याआधी सगळी फिकी पडली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे मला आधी माहीत असायला हवं होतं. आता कागदावर मळकट डाग आहेत. हळदीचा भाव जरूर विचारा, शेतकऱ्याचं वर्षं त्यावर चालतं. पण माझ्या त्या सहा चित्रांचा भाव शून्य आहे. आणि ती करतानाचे चार रविवार हे माझ्या गेल्या दहा वर्षांतले सगळ्यात चांगले दिवस होते. मी, भाची, ताई चुना कालवून देतेय, आणि दाजी, तुम्ही स्वतः वाकून विचारलं होतं, "अजून थोडी हळद टाकली तर?" आठवतंय का? त्या दिवशी तुम्ही उपयोग विचारला नव्हता.

पुढचा बेतही सांगून टाकतो. औंढ्याची बाहेरची भिंत, दिसते तेवढी सगळी, तुकड्या तुकड्याने काढायची. चार-पाच वर्षं लागतील. प्रदर्शन नाही, पुस्तक नाही, विक्री नाही. मला एकट्याला जमणार नाही. मी दागिनेच काढत बसेन. थकलेल्या बाया ओळखायला दुसरं माणूस लागेल.

असो. फार लांबलं. दिवाळीत भाची चार दिवस येतेय. त्यातली एक सकाळ औंढ्याला जायचं ठरवलंय. मित्रमंडळींपैकी कोणाला यायचं असेल तर कळवा, कागद आणि पाणी प्यायची बाटली आपापली आणावी.

आणि दाजी, राग मानू नका. गाठोडं मी चढवलं होतं, मीच उतरवतो. तुम्ही फक्त खालून शिडी धरा.