टकलाला हसणारे
टक्कल हा आमच्या विनोदी लेखकांचा हुकमी विषय. त्यावरच्या औषधाचा खर्च मात्र क्वचितच कुणाला लिहावासा वाटला. वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्याच्या तरुणाला फिनास्टेराइड घ्यायचे तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी. ती रास्तच, कारण लैंगिक दुष्परिणाम संभवतात. पण गोळी थांबली की गुणही ओसरतो. म्हणजे गोळी वर्षानुवर्षे, आणि शिवाय डॉक्टरांची फी, एस.टी.चे भाडे, बुडालेला रोज. केशतेलाला मात्र चिठ्ठी लागत नाही! १९४५च्या औषध नियमांचे ‘जे’ परिशिष्ट टक्कल बरे करण्याचा दावा औषधांना करू देत नाही. तेल सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले की जाहिरातीला रान मोकळे. सरकारी रुग्णालयात हा उपचार स्वस्तात मिळावा, अशी मागणी करण्याऐवजी आपण त्या पोराला ‘दिसण्यात काय आहे’ असे सुनावतो. मुलगी पाहायला गेल्यावर त्याला काय ऐकावे लागते, हे ठाऊक असूनही.